खिरीच्या सणाला कोल्हापूरला मटण नेलं त्याची गोष्ट

कोल्हापूरला लोक मटण खायला जातात. मी घेऊन गेले. ठाण्याहून, बर्फाच्या डब्यात भरून, एसटीने. हे वाचून जे कोल्हापूरकर हसत असतील त्यांनी खुशाल हसावं. तिथे मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचं आधीच हसून झालंय, आता तुमच्याने माझी अब्रू आणखी ती काय जाणार!

कारण सांगते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमच्यात मटण धर्माच्या रीतीने कापलेलंच लागतं. ठाण्यात ते मिळतं, कोल्हापुरात मिळत नाही. आणि माझी शेबा आत्या गेली चाळीस वर्षं कोल्हापुरात, कसबा बावड्यात राहते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात ही बाई जन्मभर अंडी, मासे आणि वांगी खाऊन राहिली. शाळेत शिकवायला म्हणून गेली, लग्न केलं नाही, निवृत्त झाली तरी परत आली नाही. पावसाळ्यात ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं, पण माझ्या वडिलांचा धीर सुटला. पप्पा, म्हणजे याकोब, तिचे धाकटे भाऊ. त्यांनी आमची मागची खोली रिकामी केली, तिला फिकट हिरवा रंग दिला, पलंगाशेजारी धरायला दांडी ठोकली आणि मला म्हणाले, "खिरीच्या सणाला जा आणि तिला घेऊनच ये."

मी का? तर पप्पांच्या गुडघ्यांना प्रवास झेपत नाही, आणि त्यांचं म्हणणं असं की मी बोलायला लागले की समोरचा कंटाळून हो म्हणतो. मटण ही त्यांचीच कल्पना. सकाळी उठून स्वतः जाऊन, खांद्याचं की मांडीचं यावर कापणाऱ्याशी हुज्जत घालून आणलं. जिभेवर ठाण्याचं मटण पडलं की शेबा बॅग भरेल, असा त्यांचा हिशेब. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे दोघींचं परतीचं भाडंसुद्धा त्यांनी आनंदाने माझ्या हातावर ठेवलं.

खिरीचा सण म्हणजे बाहेरच्या जगातला सुक्कोत. दारफळणीचा, म्हणजे वर्षभराची पापं धुण्याचा, मोठा उपास झाला की पाठोपाठ येतो. अंगणात पाल्याचा मांडव घालायचा, त्यात बसून जेवायचं, आणि आमच्या रीतीप्रमाणे तांदूळ, गूळ, नारळाच्या दुधाची खीर करायची. तो पौर्णिमेला लागतो, म्हणून बहुतेक वर्षी कोजागिरी आणि तो हातात हात घालून येतात. यंदाही एकाच संध्याकाळी होते. हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय, हे डोक्यात शिरलं नव्हतं.

प्रवास दिवसाचा करा, हा माझा सल्ला. खंबाटकीच्या पुढे डोंगर हिरवेगार असतात आणि कऱ्हाड सोडलं की दोन्ही बाजूला ऊस सुरू होतो. रस्त्याचं काम मात्र अजून चालूच आहे, गाडी वळणावळणाच्या कच्च्या पट्ट्यांवरून जाते, कंबर सांभाळा. पुण्यात माझ्या शेजारी एक काका येऊन बसले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, जयसिंगपूरचे, जैन, कोल्हापूरला लेकीकडे निघालेले. बसल्याबसल्या त्यांनी मला राजगिऱ्याचा लाडू दिला आणि पायाशी ठेवलेला डबा कसला म्हणून विचारलं. आता जैन माणसाला काय सांगणार? मी म्हटलं, औषधं आहेत.

"औषध हाय आन् खाली ठेवलासा? धग लागती की इंजिनची," असं म्हणून काकांनी डबा उचलला तो थेट मांडीवर घेतला. मी नको नको म्हणत होते. साताऱ्याला सगळे चहाला उतरले, काका उतरले नाहीत, औषध सांभाळत बसले. आठवडाही झाला नव्हता, मी उपास करून वर्षभराची पापं धुऊन घेतली होती. आमच्या नव्या वर्षाचं पहिलं पाप साताऱ्याच्या स्टँडवर एका जैन गृहस्थाच्या मांडीवर ठेवलेलं होतं. उतरताना त्यांनी विचारलं, कुणाला बरं नाही? आत्याला, मी म्हटलं. देव बरं करील म्हणाले. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

स्टँडवरून रिक्षा केली. बावड्यात कुणाकडे, असं रिक्षावाल्याने विचारलं. मी पत्ता वाचायला लागले तर तो म्हणाला, "शाळंच्या बाईंच्याकडं व्हय? मग पत्ता कशाला?" चौथीत असताना बाईंनी त्याचा कान पिळला होता, तो कान त्याने मला मागे वळून दाखवला. भाडं ठरलं त्यापेक्षा कमीच घेतलं. डब्यात काय आहे ते ऐकून मात्र त्याने रिक्षा कडेला घेतली आणि पोट धरून हसला.

आत्या दारातच होती. काठी होती हातात, पण टेकवत नव्हती, मिरवत होती. मी डबा पुढे केला. तिने झाकण उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. "खांद्याचं," म्हणाली. "याकोबला अजून कळतं." मला वाटलं, झालं, निम्मं काम झालं. रात्रीच्या जेवणाला मी हिरव्या खोलीचं वर्णन सुरू केलं. चार पावलांवर सिनॅगॉग, शुक्रवारी सगळी मंडळी, हवं तेव्हा मटण. आत्या मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सण होऊ दे. मग सांगते." मी तिच्या बॅगा कपाटावर कुठे आहेत ते हळूच बघून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं की या सणाला हातात धरायचं फळ, एत्रोग, मी ठाण्यात टेबलावर विसरून आले. मटण आठवणीने आणलं, देवाचं फळ विसरले! आत्याला न सांगता मी धावत अंबाबाईच्या देवळाजवळच्या बाजारात गेले आणि फळवाल्या मावशींना मोबाईलवर चित्र दाखवून एत्रोग आहे का विचारायला लागले. परदेशी फळ आहे, लिंबाच्या जातीचं आहे, सालीला सुरकुत्या असतात, असं मी बरंच ज्ञान दिलं. मावशींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग टोपलीच्या तळातून नेमकं तेच काढून माझ्या हातात ठेवलं. "म्हाळुंग हाय की हे. आईच्या हातात असतंय बघा, देवळात." मी घरी आले तर आत्याच्या देवघरातल्या, म्हणजे मेणबत्त्यांच्या फडताळावर, पितळी वाटीत म्हाळुंग आधीच होतं. चाळीस वर्षं ती तेच धरत आलीये. मग मीही माझं त्याच्या शेजारी ठेवलं. (वाटेत मिसळ खाल्ली. चांगली होती असं लोक म्हणतात. मला दिसत नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.)

अंगणात तोवर मांडव उभा राहिला होता. शेजारच्या सुमनकाकी आणि त्यांचे यजमान आण्णा, दोघांचं घर आत्याच्या भिंतीला लागून. त्यांची दीड एकर उसाची शेती आणि दोन म्हशी. आण्णा दरवर्षी बांबू रोवून वर उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, पसरतात. मी मोबाईल घेऊन पोचले आणि त्यांना समजवायला लागले की छपरातून चांदणी दिसली पाहिजे, पाला इतका दाट चालत नाही. आण्णा म्हणाले, "दरसाल बाई भोकं पाडायला लावत्यातच. थांबा जरा." दुपारी त्यांची म्हैस सुटली आणि मांडवाचा एक कोपरा खाऊन गेली. चांदण्यांची सोय म्हशीने केली, माझी सूचना वाया गेली.

दुपारपासून मी मटणाला लागले. हिरवं वाटण, नारळाचं दूध, मंद आच. मीठ बघ, तिखट बघ, शिजलं का बघ, असं करत मी तीन फोडी उभ्या उभ्याच संपवल्या. वास सगळ्या गल्लीत गेला असणार, कारण सुमनकाकी भिंतीवरून डोकावल्या. आत्या आंघोळीला गेली होती. काकींनी हळूच विचारलं, "मग औंदा बाईंना दूध न्हाय की वं?"

मला फार बरं वाटलं. आमच्यात मटण आणि दूध एकत्र चालत नाही, मटणानंतर कित्येक तास दुधाला शिवायचं नाही, हे इथल्या शेजारणीला ठाऊक! मी अभिमानाने म्हटलं, नाही हो, आज मटण आहे ना, आज आत्याला दूध चालणार नाही. काकी "बरं" म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्यांचा चेहरा उतरला हे मी बघितलं, पण कांदा चिरत होते, विचार केला नाही.

सूर्य मावळायच्या आत आत्याने मेणबत्त्या लावल्या. मांडवात चटई, पाट, उसाच्या पाल्याचा ओला वास. काळ्या मनुकांचं सरबत पेल्यात घेऊन तिने प्रार्थना म्हटली, आवाज अगदी वर्गातला. मग वाढायला घेतलं. माझ्या ताटात मटण वाढलं, स्वतःला वालाचं बिरडं आणि भाकरी. मी म्हटलं, अगं घे ना. उद्या खाईन, म्हणाली. मला वाटलं, माझ्यासाठी राखून ठेवतेय, म्हातारी माणसं असं करतात. मी आणखी दोनदा घेतलं आणि तोंड भरलेलं असतानाच पुन्हा हिरव्या खोलीवर आले. खीर मात्र तिने वाटी भरून घेतली. इथला गूळ आणि नारळाचं दूध, त्या खिरीबद्दल मी काही लिहीत नाही, मला परत भूक लागेल.

चंद्र वर आला तशी गल्ली मांडवात जमली. कुणी खुर्ची आणली, कुणी सतरंजी. सुमनकाकी पातेलं घेऊन आल्या, चंद्राला दाखवलं, आणि पेले भरू लागल्या. केशर, वेलदोडा, वर चारोळी. सगळ्यांना मिळालं. आत्याला नाही.

"सुमन, माझा पेला?"

काकी थांबल्या. "तुमी मटन खाल्लासा न्हवं?"

"कुणी सांगितलं?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. मांडवाला भोकं पुरेशी होती, पण त्यातून पळून जाता येईल इतकी मोठी नव्हती. आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, तो रिक्षावाल्याचा कान मला तेव्हा कळला. "मी बिरडं-भाकरी खाल्लीय," ती म्हणाली. "कोजागिरीला मी मटण कशी खाईन? दूध असतं की तुमच्यात."

मग उलगडलं ते असं. आत्याचं एक वेगळं स्टीलचं पातेलं आहे, फक्त दुधाचं. दर कोजागिरीला सुमनकाकी सण लागायच्या आत ते घेऊन जातात आणि गल्लीचं दूध त्यातच आटवतात, म्हणजे बाईंना चालेल. यंदा मी सांगितलं म्हणून त्यांनी पातेलं नेलंच नाही. दूध त्यांच्याच पातेल्यात आटवलं, ज्यात त्यांच्याकडे रविवारी काय शिजतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे पेला होता, दूध होतं, चंद्र होता, आणि आत्याला ते पिता येत नव्हतं. काकींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "औंदा पयल्यांदा बाईंच्या बिगर पितोय आमी," त्या म्हणाल्या. हातातला पेला त्यांनी खाली ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनीच ठेवला. मी आयुष्यात बरेच कार्यक्रम बिघडवलेत, पण एका झटक्यात अख्खी गल्ली गप्प करायची ही पहिलीच वेळ.

आण्णा उठले. आत्याचं पातेलं मागून घेतलं, विसळलं आणि गोठ्याकडे गेले. संध्याकाळची धार होऊन गेली होती, आता म्हैस कशी पान्हा सोडेल म्हणून बायका कुजबुजत होत्या. आण्णा तिच्याशी काय बोलत होते ऐकू येत नव्हतं, बरंच काही बोलत होते. शेवटी आले तेव्हा पातेल्यात पेलाभर फेसाळ दूध होतं, पेलाभरच. तापवायची गरज नाही, कोल्हापुरात धारोष्ण दूध उभ्या उभ्या पितातच. सणाच्या दिवशी काढलेली धार चालते का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी तोंड दोन्ही हातांनी बंद ठेवलं. आत्याने पातेलं चंद्राखाली धरलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि एका दमात पिऊन टाकलं. वरच्या ओठावर मिशी आली. मग बाकीच्यांनी आपापले पेले उचलले. मी मटण खाल्लेली, कोरडीच बसले. आण्णांनी जाता जाता म्हटलं, "पावणं, तुमाला फुडल्या साली."

सणाचे दोन दिवस आत्या फोनला हात लावत नाही, म्हणून पप्पांचा प्रश्न मलाच विचारायचा होता. दुसऱ्या दुपारी ती मांडवात बसून मटण खात होती. आवडीने, नळी चोखत, मटणाशी तिचं काही वैर नव्हतं. मी यावेळी खोलीचं नाव काढलं नाही. नुसतं विचारलं, येतेस का?

"नाही येत," ती म्हणाली. नळी ताटात ठेवली, बोटं पुसली. "तिथे आत्या म्हणायला तू आहेस, ताई म्हणायला याकोब आहे. बाई कोण म्हणणार गं मला?"

मला एकदम रडू आलं. कारण हे खरं होतं, आणि कारण "परत पडलीस तर काय?" असं मी विचारणार होते. विचारलंच. ती चिडली नाही. पडले होते तेव्हा सुमनने न्हाणीघराचं दार खांद्याने तोडलं, म्हणाली. तेव्हापासून कडी लावत नाही. आणि रोज पहाटे सुमन धारा काढायला उठली की भिंतीवरून हाक मारते, "बाई, उठलासा का?" आत्याने ओ दिली की म्हशीकडे जाते. नाही दिली तर भिंत ओलांडून येईल. "ठाण्याला दांडी धरून राहीन, ते बरंय," आत्या म्हणाली. "पण तिथे मला सकाळी कोण विचारणार, उठलासा का म्हणून?" आम्ही विचारू, असं मी म्हणणार होते. पण मी सकाळी आठपर्यंत झोपते हे तिला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत. आत्याने डबा धुऊन त्यात गूळ भरून दिला. सुमनकाकींचा नंबर घेतला. स्टँडवर जाताना तोच रिक्षावाला भेटला, त्याने बाईंना ठाण्याला नेणार का म्हणून विचारलं, मी नाही म्हटलं, तर खूश होऊन भाडं घेईना.

घरी पोचले तर पप्पा दारात उभे, माझ्या मागे बघत. जिन्यात आणखी कुणी येतंय का ते बघत होते. वाटेत मी एक छान भाषण तयार केलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, पप्पा, तिकडे तिला बाई म्हणतात. म्हशीचं सांगितलं, पेल्याचं सांगितलं, माझा मूर्खपणा सांगितला, दार तोडल्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. खोलीत जाऊन भिंतीवरची ती दांडी हलवून बघितली, पक्की होती. "आणि पडली तर?" मला विचारलं. मी पहाटेच्या हाकेचं सांगितलं. त्यांनी मला ती हाक पुन्हा म्हणून दाखवायला लावली. दोनदा.

तुम्ही बावड्याला गेलात तर खीर खायला आत्याकडे जरूर जा, पत्ता सांगावा लागत नाही. मटण नेऊ नका. माझं म्हणाल तर मी गेले होते एका माणसाला घेऊन यायला आणि एकटी आले, प्रवास म्हणून हे फसलेलंच. आता पडली तर काय, या विचाराने कधी कधी भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच जागी झाले, कारण बाहेर कुणीतरी बोलत होतं. पप्पा अंधारात गॅलरीत उभे होते, फोन कानाला लावून. त्यांचं बालपण रेवदंड्यातलं, आयुष्य ठाण्यातलं. कोल्हापुरी बोलणं त्यांना अजिबात जमत नाही.

"बाई," ते म्हणाले, "उठलासा का?"

पलीकडून आत्याचं हसणं मला आतपर्यंत ऐकू आलं. पप्पा फोन कानाशी धरून उभेच राहिले.